सुदर्शन बेहेरेची हलकी दारू

सुदर्शन बेहेरेने गादी विकत घ्यायला एक अख्खा हिवाळा घालवला होता. तो आणि मृदुला जुन्या गादीच्या खड्ड्यात एकमेकांवर घरंगळत होते आणि हा पोटावर लॅपटॉप ठेवून स्प्रिंगांचे प्रकार वाचत होता. त्यामुळे २०१६च्या उन्हाळ्यात ‘सुदर्शन सध्या दारू निवडतोय’ अशी बातमी हेगजवळच्या झूटरमेरच्या आम्हा मराठी मंडळींत पसरली, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. दिवाळीपर्यंत का होईना, एखादी चांगली बाटली फुटेल, एवढीच आमची अपेक्षा होती.

नंतर कळलं की दारू बाटलीतली नव्हे, डब्यातली आहे. रिव्हॉल्वरच्या काडतुसात भरायची.

हे ऐकून मात्र आम्ही चहाचे कप खाली ठेवले. कारण सुदर्शन म्हणजे कांदा चिरताना पोहण्याचा चष्मा लावणारा माणूस. मूळचा मिरजेचा, शिक्षण पुण्यात, नोकरी हेगमधल्या एका विमा कंपनीच्या आयटी खात्यात. सायकलवर हेल्मेट घालणारा झूटरमेरमधला बहुधा एकटाच प्रौढ इसम. त्याने रिव्हॉल्वर हातात धरावं ही कल्पना त्याच्या रिव्हॉल्वरलासुद्धा विचित्र वाटली असणार.

पण त्याला कारण होतं आणि ते कारण त्याच्याच घरात राहत होतं.

मृदुला त्याच्याबरोबर डिपेंडंट व्हिसावर आली होती. पहिली दोन वर्षं तिने डच शिकण्यात आणि कुंड्यांत कोथिंबीर जगवण्यात घालवली. मग एक दिवस थांब्यावर ‘ट्रामचालक हवेत’ अशी जाहिरात वाचली, अर्ज केला, आणि वर्षाच्या आत ती झूटरमेर ते हेग ट्राम चालवू लागली. गणवेश घालून, केसांचा घट्ट अंबाडा बांधून. आमच्यातले निम्मे लोक तिच्याच ट्रामने ऑफिसला जात. उतरताना काचेतून हात केला की तीही दोन बोटं उचलून हात करायची. आमच्या मराठी मंडळातल्या पोरांना तर ती विमानाच्या पायलटपेक्षा मोठी वाटायची.

एका कोजागिरीला हॉलमध्ये मसाला दूध वाटताना मंडळाचा अध्यक्ष अभिजित याने नव्या पाहुण्यांशी ओळख करून दिली.

“हे सुदर्शन. आपल्या मृदुलाताईंचे मिस्टर.”

“ट्राम चालवतात त्या?” पाहुण्यांचे डोळे चमकले. “आणि तुम्ही काय करता?”

“मी आयटीत आहे,” सुदर्शन म्हणाला.

त्या हॉलमध्ये असं सांगणं म्हणजे ‘मी नाकाने श्वास घेतो’ असं सांगण्यासारखं होतं. पाहुण्यांनी मान डोलावली आणि ते अभिजितकडे वळले. अभिजितकडे शिडाची होडी होती आणि तो दर सहाव्या वाक्याला तिचा उल्लेख करायचा. रवींद्र मॅरेथॉन पळायचा. विनय घरी पनीर करायचा आणि त्यावर व्याख्यानं द्यायचा. प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. सुदर्शनकडे मृदुला होती.

दुसऱ्याच आठवड्यात त्याने औद्योगिक वसाहतीतल्या नेमबाजी क्लबात नाव घातलं. आता, या देशात बंदूक हातात पडणं ही काही भाजी आणण्याइतकी सोपी गोष्ट नाही. पहिलं वर्षभर क्लबच्या हत्यारांवर शिकायचं, सगळ्यांना आपला चेहरा ओळखीचा करून द्यायचा, आपलं डोकं ठिकाणावर असल्याची खात्री पटवून द्यायची, मग पोलिसांचा परवाना, मग घरी तिजोरी, मग ती तिजोरी बघायला येणारे पोलीस. सुदर्शनला यातलं काहीच जड गेलं नाही. नियम असले की तो खुलतो. तिजोरी तपासायला दोन पोलीस आले, तेव्हा त्याने त्यांना बोल्ट कुठल्या कोनात ठोकले आहेत ते इतक्या तपशिलात सांगितलं की त्यातल्या एकाने चिवड्याची वाटी तशीच खाली ठेवली आणि सहकाऱ्याला निघायची खूण केली.

अडचण पुढे आली. वर्षभर क्लबात तो छोट्या बोअरच्या, म्हणजे बारीक नळीच्या पिस्तुलावर शिकला होता. त्याचा आवाज म्हणजे स्टेपलर मारल्यासारखा. स्वतःचं हत्यार घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र त्याने मोठं, लांब नळीचं, मॅग्नम नावाच्या दणकट काडतुसाचं रिव्हॉल्वर घेतलं. का, तर फोटोत चांगलं दिसतं. तसा फोटो त्याने मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलाही. अभिजितच्या होडीच्या फोटोला सतरा अंगठे मिळाले होते, याला एकतीस मिळाले.

मग त्याने ते पहिल्यांदा उडवलं.

कानात रबरी बोळे, त्यावर जाड हेडफोन, डोळ्यांवर चष्मा, एवढं सगळं असूनही तो आवाज सुदर्शनच्या दातांतून आत शिरला. मनगट वर उडालं. गोळी निशाण्याच्या कागदाला टाळून, मागच्या लाकडी चौकटीचा कोपरा उडवून गेली. बाजूच्या गल्लीतला, म्हणजे नेम धरायच्या शेजारच्या पट्ट्यातला, हेंक नावाचा, पिकल्या मिशांचा निवृत्त दंतवैद्य वाकून बघायला लागला.

“डोळे उघडे ठेवून बघ एकदा,” हेंक म्हणाला.

“उघडेच होते,” सुदर्शन म्हणाला.

घरी येऊन त्याने मृदुलाला सांगितलं की रिव्हॉल्वरच्या मुठीचं अर्गोनॉमिक्स भारतीय तळहाताला अनुकूल नाही. पुढच्या रविवारी त्याने सांगितलं की नेमबाजीच्या रेंजमधली हवा फार कोरडी आहे. त्यानंतरच्या रविवारी सर्दी झाली. एक साधं वाक्य होतं, ‘मला आवाजाची भीती वाटते’, आणि ते सोडून जगातलं प्रत्येक वाक्य त्याने वापरून पाहिलं.

हेंकला मात्र चाळीस वर्षं लोकांच्या उघड्या तोंडात बघायची सवय होती. न बोललेलं त्याला कळायचं. एका रविवारी कॉफी पिताना तो सहज म्हणाला, “विकतची मॅग्नम काडतुसं माझ्याही मनगटाला झेपत नाहीत. मी घरी स्वतःची भरतो, हलकी. परवाना आहेच तुझ्याकडे. तूही भर.”

सुदर्शनला जणू नवा जन्म मिळाला. हलकी काडतुसं! भित्र्या माणसासाठी नव्हे, अभ्यासू माणसासाठी! आता त्याला घाबरायची गरज नव्हती, संशोधन करायचं होतं.

रिकामी पितळी नळकांडी, दारू पेटवणाऱ्या प्रायमरच्या टोप्या, शिशाच्या गोळ्या, हाताने दाबायचा प्रेस, हे सगळं महिन्याभरात मागच्या अंगणातल्या शेडमध्ये जमलं. राहिली ती दारू. तिथे गाडी अडली. बाजारात दारूचे डझनावारी प्रकार होते. कुठली झटकन जळते, कुठली सावकाश, कुठली चपटी, कुठली गोळीदार. सुदर्शनने गादीच्या वेळचा लॅपटॉप पुन्हा पोटावर घेतला.

त्याच सुमारास मिरजेहून आईचा, म्हणजे शामलाबाईंचा व्हिडिओ कॉल आला. सुदर्शन शेडमध्ये होता. फोन त्याच्या बारा वर्षांच्या लेकीने, ईशानीने घेतला. तिला मराठी कळतं, पण बोलताना ती हाताला लागेल तो शब्द उचलते.

“बाबा शेडमध्ये दारूबरोबर आहे आजी,” ती म्हणाली. “ही इज देअर एव्हरी डे.”

पलीकडे आजीने चष्मा सारखा केला. मग शामलाबाई म्हणाल्या, “आईला दे फोन.”

मृदुलाने सगळं समजावून सांगितलं. बंदुकीची दारू आहे, प्यायची नाही, खेळासाठी आहे, सरकारी परवाना आहे. ऐकून शामलाबाई म्हणाल्या, “मग त्यापेक्षा प्यायचीच आणायची होती.”

क्लबात दारूबद्दल प्रत्येकाचं स्वतंत्र मत होतं, आणि सुदर्शनने ते प्रत्येकाचं घेतलं. रेंजची मुख्य होती आन्स. पूर्वी नौदलात शस्त्रागार सांभाळायची, आता रविवारी क्लबात शिस्त सांभाळायची. ठेंगणी, रुंद खांद्यांची, आणि वाक्य अर्ध्यात संपवणारी. तिने एका छोट्या झाकणात थोडी दारू ओतून सुदर्शनच्या समोर ठेवली. दाणे नव्हतेच ते. बाहुलीसाठी मेदूवडे तळावेत तशा इवल्या इवल्या, मध्ये भोक असलेल्या राखाडी कड्या होत्या.

“ही घे,” आन्स म्हणाली. “फुगीर असते. थोडीशी टाकली तरी नळकांडं बऱ्यापैकी भरतं. चुकून दोनदा टाकलीस तर ओसंडून बाहेर येते, लगेच दिसतं. हलक्या काडतुसासाठी हीच.”

“पण हिची घनता फारच कमी आहे,” सुदर्शन म्हणाला.

“हो. म्हणूनच.”

“एनर्जी पर व्हॉल्यूम बघितलं तर—”

“म्हणूनच,” आन्स पुन्हा म्हणाली आणि दुसऱ्या गल्लीत कुणीतरी बोट चापावर ठेवून उभा होता त्याच्यावर ओरडायला निघून गेली.

सुदर्शनला हे पटलं नाही. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर झाकणभर असावं, आणि तेही पहिल्याच दिवशी मिळावं, यात अभ्यासाचा अपमान होता. शिवाय फुगीर म्हणजे पोकळ. त्याने तीन महिने तक्ते वाचले, अमेरिकन म्हाताऱ्यांच्या इंटरनेटवरच्या भांडणांत भाग घेतला, आणि शेवटी एक दाट, बारीक, झटकन जळणारी दारू निवडली. ती इतकी ताकदवान होती की लांबलचक मॅग्नम नळकांड्यात तिचं माप तळाशी चिमूटभर पडायचं आणि वरचा सगळा भाग रिकामा राहायचा. मोठ्या पातेल्यात चमचाभर साखर पडावी तशी. नळकांडं आडवं केलं की दारू एका बाजूला पसरायची, उभं केलं की तळाशी जायची. “एफिशियन्सी!” सुदर्शन मृदुलाला म्हणाला.

“आन्सने कुठली सांगितली होती?” मृदुलाने विचारलं. ती भाकरी थापत होती.

“आन्स प्रॅक्टिकल आहे गं. तिला थिअरीची बाजू माहीत नाही.”

“ती नौदलात काय करायची?”

“ते वेगळं,” सुदर्शन म्हणाला.

काडतुसं भरण्याच्या पुस्तकात प्रत्येक दारूचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त माप दिलेलं असतं. सुदर्शनने कमीत कमी मापापासून सुरुवात केली. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं होतं. रविवारी जाऊन उडवून पाहिलं. आवाज विकतच्यापेक्षा खूपच कमी होता. पण सुदर्शनचं दचकणं तेवढंच होतं. मग त्याने माप किंचित कमी केलं. पुढच्या रविवारी आणखी किंचित. पुस्तक ‘याच्या खाली जाऊ नये’ असं ठळक अक्षरांत सांगत होतं, पण सुदर्शनच्या मते ते सर्वसाधारण वाचकासाठी लिहिलं होतं. दर आठवड्याला आवाज मऊ होत गेला आणि सुदर्शनचा चेहरा उजळत गेला. आता त्याच्या डोळ्यांना झाकायची घाई होत नव्हती. कागदावर भोकं पडू लागली, काळ्या वर्तुळाच्या आतही पडू लागली. ज्या रविवारी सहापैकी चार आत गेल्या, त्या दिवशी त्याने ग्रुपवर तो कागद टाकला आणि खाली लिहिलं, ‘स्वनिर्मित दारूगोळा.’

अभिजितला हे झोंबलं. त्याने लगेच लिहिलं, ‘दाखव की एकदा आम्हाला. का फक्त फोटोच?’

क्लबात पाहुणे नेता येतात, देखरेखीखाली. ऑक्टोबरातल्या एका रविवारी सुदर्शन आमच्यापैकी चौघांना घेऊन गेला. अभिजित, रवींद्र, विनय आणि मी. रेंज म्हणजे एक लांबट तळघर. भिंतींना आवाज शोषणारे फोमचे तक्ते लावलेले, वास धुराचा आणि जुन्या कॉफीचा. आन्सने आम्हाला प्रत्येकी हेडफोन दिले आणि पिवळी रेघ दाखवून सांगितलं की तिच्या पुढे पाऊल टाकणारा पाहुणा थेट रस्त्यावर जाईल. अभिजितने मोबाइल काढला.

“व्हिडिओ चालेल?” त्याने विचारलं.

“रेघेच्या मागून,” आन्स म्हणाली.

सुदर्शन पुढे उभा राहिला. मला प्रामाणिकपणे सांगायचं तर तो त्या दिवशी छान दिसत होता. पाय योग्य अंतरावर, पाठ ताठ. वळून त्याने आम्हाला छोटंसं भाषण दिलं. हलक्या काडतुसाचं तत्त्व, दाट दारूची कार्यक्षमता, बहुसंख्य नेमबाजांना कशी ताकद म्हणजे अचूकता वाटते, वगैरे. हेडफोनमुळे आम्हाला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. नंतर कळलं की या खास प्रसंगासाठी त्याने माप आणखी एक पायरी खाली आणलं होतं. आमच्यासमोर दचकायला नको म्हणून.

पहिली गोळी गेली. पट्. कागदावर भोक पडलं. रवींद्रने टाळी वाजवली.

दुसरी गेली. तिसरी गेली. तिन्ही काळ्यात. अभिजितचा मोबाइल किंचित खाली आला.

चौथ्या वेळी आवाज झालाच नाही म्हटलं तरी चालेल. फुस्स. सायकलच्या चाकातली हवा सोडावी तसा. हाताला धक्का नाही, कागदावर नवं भोक नाही.

“अरे, ही तर फारच हलकी झाली!” अभिजित मोठ्याने म्हणाला. विनय हसला. मीही हसलो.

सुदर्शनची मान लाल झालेली मागून दिसली. त्याला वाटलं नेम चुकला. चौघांसमोर, व्हिडिओ चालू असताना. त्याचं बोट पुन्हा चापावर आवळू लागलं, पुढचं काडतूस फिरून नळीसमोर यायला लागलं.

“स्टॉप!”

आन्सचा तो आवाज हेडफोन, फोमचे तक्ते, सगळ्यांतून आरपार आला. या शब्दाला भाषांतर लागत नाही. रेंजमधले सगळेच थिजले. सुदर्शनही थिजला, बोट तसंच वाकडं.

“बोट बाहेर. नळी समोरच. हलू नकोस.”

ती त्याच्या शेजारी गेली, त्याच्या हातातून रिव्हॉल्वर काढून घेतलं, चक्र उघडून काडतुसं टेबलावर ओतली. मग खिशातून एक पितळी सळई काढली आणि नळीच्या तोंडातून आत सरकवली. सळई आरपार जायला हवी होती. ती अर्ध्यावर टक् करून थांबली. आन्सने पुन्हा दाबून बघितली. टक्.

“गोळी आत आहे,” ती म्हणाली. “नळीत अडकली. बाहेर पडायला दारू पुरली नाही. आता हिच्या मागून दुसरी आली असती...”

हे वाक्यही तिने अर्ध्यात सोडलं. पुढचं आम्हाला सगळ्यांना समजलं. मी सुदर्शनच्या उजव्या हाताकडे बघितलं. सगळी बोटं जागेवर होती.

“मला वाटलं नेम चुकला,” तो म्हणाला.

“मोठा आवाज झाला तर चालतो,” आन्स म्हणाली. “लहान झाला तर थांबायचं. हे पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.”

तिने रिव्हॉल्वर कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग आलेल्या पाहुण्यांचा रविवार फुकट जाऊ नये म्हणून तिने अभिजितला क्लबचं छोट्या बोअरचं पिस्तूल उडवायला दिलं. एवढं सगळं बघितल्यावर होडीवाल्या अभिजितने दोन्ही डोळे मिटून, तोंड फिरवून चाप ओढला. त्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही.

सुदर्शनचा मात्र निघाला होता. संध्याकाळपर्यंत तो झूटरमेरच्या ग्रुपवरून रॉटरडॅमच्या ग्रुपवर आणि तिथून आल्मेरेच्या ग्रुपवर पोचला. नाव होतं, ‘सुदर्शनची हलकी दारू’. शेवटचा भाग, सळईची टक् ऐकू येते तो, अभिजितने कापून टाकला होता. फुस्स, हशा, आणि आन्सचं ‘स्टॉप!’ एवढंच. शंभरएक लोक त्यावर हसले. आपण एका माणसाच्या बोटांवर हसतो आहोत हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. आम्हा चौघांना कळत होतं, आणि आमच्यातल्या एकानेही तिथे तसं लिहिलं नाही.

मृदुलाने व्हिडिओ डेपोत, जेवणाच्या सुट्टीत बघितला. दुपारची पाळी संपवून ती घरी आली. गणवेशाचा कोटही न काढता तिने सुदर्शनला विचारलं, “ती स्टॉप का म्हणाली?”

सुदर्शनने सुरुवात केली. दारूच्या दाण्यांचं नळकांड्यातलं स्थान, ज्वलनाच्या दाबातली अनियमितता—

“सुदर्शन. का म्हणाली?”

त्याने सांगितलं. ईशानी जिन्यात उभी राहून ऐकत होती.

“तुझा हात गेला असता,” मृदुला म्हणाली. “कदाचित डोळाही. ट्रामचा ब्रेक मला जरासा सैल वाटला ना, तर मी डेपोला सांगते, ब्रेक सैल वाटतोय. त्यावर प्रेझेंटेशन नाही करत. तुला पुस्तकाने सांगितलं, आन्सने सांगितलं. तरी तू माप कमी कमी का करत गेलास?”

“अचूकतेसाठी.”

“डू नॉर्माल, बाबा,” जिन्यातून ईशानी म्हणाली. नीट वाग, असं सांगायला इथली माणसं हे दोन शब्द वापरतात, कुत्र्यालाही आणि मंत्र्यालाही. ती रडत होती, हे सुदर्शनला आवाजावरून समजलं.

पुढच्या शनिवारी क्लबच्या समितीने त्याला बोलावलं. कॉफीच्या खोलीत आन्स, हेंक आणि क्लबचे अध्यक्ष बसले होते. सुदर्शन लॅपटॉप घेऊन गेला. होय, एवढं होऊनही. चौदा स्लाइड्स होत्या. पहिलीवर ‘घटनेची कारणमीमांसा’, दुसरीवर एक आलेख. अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते, त्यांनी पाच स्लाइड्स सहन केल्या. हेंक बिस्किट कॉफीत बुडवून ठेवून विसरला. सहाव्या स्लाइडला आन्सने हात पुढे करून लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

“एक प्रश्न आहे,” ती म्हणाली. “धमाक्याची भीती वाटते का तुला?”

सुदर्शनने तोंड उघडलं. त्याच्याकडे अर्गोनॉमिक्स होतं, कोरडी हवा होती, दाण्यांचा आकार होता. समोरची तिन्ही माणसं थांबली होती, कुणाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि तेच फार अवघड होतं. हसली असती तर त्याला रागावता आलं असतं.

“हो,” तो म्हणाला.

“बरं,” आन्स म्हणाली. “मग पहिल्या दिवशीच सांगायचं ना. त्याच्यासाठीच त्या फुगीर दारूचा डबा आहे आपल्याकडे.”

हेंकने कपातून बिस्किटाचा लगदा चमच्याने काढत सांगितलं की त्याला स्वतःला दचकणं थांबवायला दोन वर्षं लागली होती, आणि ड्रिलचा आवाज त्याला नोकरीभर आवडला नाही. मग निकाल झाला. सुदर्शनने वसंतापर्यंत घरी एकही काडतूस भरायचं नाही. क्लबच्या टेबलावर, हेंकच्या नजरेखाली भरायचं, आणि दारू आन्स सांगेल ती. शेडमधली उरलेली सगळी काडतुसं आणून जमा करायची. अडकलेली गोळी हेंकने हलक्या हाताने ठोकून बाहेर काढली. दंतवैद्याला असली कामं जमतात.

ही शिक्षा सुदर्शनने भोगली म्हणण्यापेक्षा उपभोगली. हेंकसारखा श्रोता त्याला आयुष्यात मिळाला नव्हता. फुगीर दारू नळकांड्यात पडली की काठाच्या जरा खाली दिसायची, डोळ्यांनी तपासता यायची. माप पुस्तकातलं, धक्का बेताचा, आवाज भरदार पण अंगावर न येणारा. पहिल्या दिवशी तो दचकला. दुसऱ्या रविवारीही दचकला. पण आता दचकल्यावर तो हेंककडे वळून “दचकलो” म्हणायचा आणि हेंक “दिसलं” म्हणायचा. डिसेंबरात कधीतरी त्याच्या सहाही गोळ्या काळ्यात गेल्या. तो कागद त्याने ग्रुपवर टाकला नाही. मृदुलाने तो फ्रिजवर लावला, ईशानीच्या दंतवैद्याच्या अपॉइंटमेंटच्या कार्डाशेजारी.

मंडळात त्याचं नाव मात्र कायमचं ‘हलकी दारू’ पडलं. संक्रांतीला तिळगूळ देताना अभिजितने सगळ्यांदेखत हाक मारली, “काय हलकी दारू, पुढचा शो कधी?”

सुदर्शनने तिळगूळ घेतला. “पूर्ण व्हिडिओ टाक ना एकदा,” तो म्हणाला. “सळईसकट. लोकांना कळेल काय झालं असतं ते. आणि मी किती घाबरलो होतो तेही दिसेल.”

अभिजितने तिळगुळाचा डबा पुढे सरकवला. त्याने होडीचा विषय काढला. तो व्हिडिओ त्याने शेवटपर्यंत टाकला नाही, कारण पूर्ण व्हिडिओत ‘स्टॉप’नंतर कॅमेरा एकदम जमिनीकडे वळतो आणि ‘आपण निघूया का, निघूया का’ असा अभिजितचाच आवाज ऐकू येतो.

आता इथे थांबलो तर सुदर्शन सुधारला असं वाटेल, आणि ते त्याच्यावर अन्याय करणारं होईल.

मार्चमध्ये रॉटरडॅमचा प्रसन्न नावाचा तरुण इंजिनिअर, तोच कापलेला व्हिडिओ बघून, नेमबाजी शिकायला क्लबात आला. त्याने सुदर्शनला सहज विचारलं, “तुम्ही एवढी हलकी काडतुसं का वापरता?”

“मला मोठा आवाज सहन होत नाही,” सुदर्शन म्हणाला. स्वच्छ, न अडखळता. हेंकने मान वर करून बघितलं.

प्रसन्न मोकळेपणाने हसला. “मलाही नाही होत. मग दारू कुठली घ्यायची?”

बस. सुदर्शनने कॉफीचा कप बाजूला सरकवला, खुर्ची पुढे ओढली आणि फुगीर दारूचा इतिहास सुरू केला. कड्यांचा आकार, भोकाचं प्रयोजन, काठापर्यंतची उंची, दाट दारूचे धोके. ‘एका सदस्याचं’ उदाहरणही त्याने दिलं. तो सदस्य भलताच हट्टी होता म्हणे, कुणाचंही न ऐकणारा. आन्स मागून झाकण आणि डबा घेऊन आली, दोन मिनिटं उभी राहिली, आणि आपल्याला तिथे काही काम उरलं नसल्याचं बघून परत गेली. अर्ध्या तासाने प्रसन्न घड्याळाकडे बघत उठला.

“माझी ट्राम आहे,” तो म्हणाला.

“चल, मी थांब्यापर्यंत येतो,” सुदर्शन म्हणाला आणि सायकल हातात धरून त्याच्याबरोबर चालू लागला. वारा समोरून होता, एक हात हँडलवर आणि दुसरा हवेत. त्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने तो प्रसन्नला कडीचा नेमका आकार दाखवत होता.